बॅनरलॉर्डमध्ये आपलं पात्र, आपला झेंडा, आपली दुनिया: काय आधी करायचं, काय नंतर, आणि लोक कुठे फसतात

गणपतीची सुट्टी संपली की तेच मेसेज परत चालू होतात. "मॉड टाकले आणि आता गेम सुरूच होत नाय." "मस्त भगवा झेंडा बनवला होता, राजाच्या पदरी गेलो आणि झेंडा लाल झाला." "दहा तासांनी सगळी शहरं सारखीच वाटायला लागली, मजाच गेली." चिपळूण असो, कणकवली असो नाहीतर देवगड, तक्रारी त्याच आणि त्यामागची चूकपण तीच: आधी भसाभस मॉड (म्हणजे इतर खेळाडूंनी बनवलेले, गेम बदलणारे जोड) टाकायचे आणि आपल्याला नक्की काय खुपत होतं याचा विचार मग करायचा. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. माउंट अँड ब्लेड टू बॅनरलॉर्ड, म्हणजे मध्ययुगीन जगात सैन्य जमवून लढायचा, राज्य उभं करायचा गेम, पीसीवर, स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलेला, असं धरून चाललोय.

१. आधी खुपणाऱ्या गोष्टींची यादी करा

वही घ्या किंवा मोबाईलमध्ये नोट बनवा, आणि मॉड न टाकता दोन-तीन संध्याकाळी खेळताना जे जे डोक्यात जातं ते लिहून काढा. नंतर ती यादी चार भागांत वाटा.

पहिला भाग स्क्रीनवरचा पसारा: डॅमेजचे आकडे, कोण मेला त्याची पट्टी, प्रत्येक सैनिकाच्या डोक्यावर तरंगणारं निशाण. दुसरा भाग आपलं रूप, म्हणजे चेहरा, कपडे, झेंडा, आपल्या सैनिकांचे पोशाख. तिसरा लढाईचा फील, म्हणजे अंगभर चिलखत घातलेला माणूस दोन-चार फटक्यांत आडवा होतो वगैरे. चौथा भाग म्हणजे जग: आज तह झाला, चार दिवसांनी परत युद्ध, प्रत्येक सरदाराच्या तोंडी तेच वाक्य.

हे वाटप का, तर पहिल्या भागाला एकही मॉड लागत नाही. दुसऱ्यातलं निम्मं काम गेममध्येच होतं. तिसऱ्याला मॉड लागतातच. चौथ्यातल्या काही गोष्टींवर आजतरी नीट उपाय नाहीच, आणि लोक नेमके तिथेच वीस मॉड टाकून बसतात.

तपासा: यादीत नुसतं "गेम बोअर होतो" असं लिहिलंय का? मग अजून खेळा. "शहरात शिरलो की सगळं मेनूतच उरकतं, चालायला कारणच नाही" इतकं नेमकं आलं पाहिजे, तरच उपाय शोधता येतो.

२. मशीन, लाईट, नेट

गेम ६० जीबी जागा मागतो. रॅम कमीत कमी ६ जीबी आणि शिफारस ८ जीबी अशी अधिकृत मागणी आहे, पण ती मूळ गेमची. चिलखतांचे मोठे पॅक टाकणार असाल तर १६ जीबी असलेली बरी. मॉडसाठी वेगळी १५-२० जीबी मोकळी ठेवा कारण बॅकअप घ्यायचेत.

आता आपल्याकडचा खरा प्रश्न, लाईट. जून ते सप्टेंबर किनारपट्टीवर लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि गेम सेव्ह होत असताना लाईट गेली तर ती फाईल अर्धवट लिहिली जाते आणि परत उघडतच नाही. लॅपटॉप असेल तर बॅटरी खरंच टिकते का ते एकदा चार्जर काढून बघा, पुष्कळांची पाच मिनिटांतच संपते. डेस्कटॉपवाल्यांनो, घरचा इन्व्हर्टर आहे म्हणून निर्धास्त राहू नका, लाईट जाऊन इन्व्हर्टर लागेपर्यंतच्या क्षणभरात पीसी बंद पडू शकतो. बऱ्याच इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचं बटण असतं, ते चालू करून बघा, नाहीतर पीसीपुरता छोटा यूपीएस घ्या.

नेट मोबाईलच्या हॉटस्पॉटवर असेल तर स्टीमचं आपोआप अपडेट आधी आवरा: लायब्ररीत गेमवर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, अपडेट्स, तिथे फक्त गेम चालू करतानाच अपडेट व्हावा असा पर्याय निवडा. नाहीतर दिवसाचा डेटा सकाळीच खलास, आणि वर गेमचं वर्जन बदललं म्हणून मॉड बंद पडतात ते वेगळंच.

सावधान, पेनड्राईव्ह: मुंबईहून सणाला आलेला भाऊ त्याचा अख्खा मॉड्यूल्स फोल्डर (गेमच्या आतला, जिथे मॉड असतात तो) पेनड्राईव्हवर घेऊन येतो आणि आपण तो आपल्या गेमवर पेस्ट करतो. हे करू नका. त्या फोल्डरमध्ये मूळ गेमचे नेटिव्ह, सँडबॉक्स वगैरे फोल्डरपण असतात, त्याचं वर्जन वेगळं असलं की तुमच्या मूळ फाईली बदलून जातात आणि मग स्टीममधून व्हेरिफाय करून, म्हणजे फाईली तपासून बिघडलेल्या परत आणून, काही जीबी डाउनलोड. भावाकडून डाउनलोड केलेल्या झिप फाईली तेवढ्या घ्या, आणि मेन मेनूत दिसणारा वर्जन नंबर दोघांचा सेम आहे का ते बघूनच वापरा.

३. मॉडच्या आधी सेटिंग

ऑप्शन्समध्ये गेमप्लेच्या भागात जा. तिथे हल्ल्याची दिशा दाखवणारा बाण बंद करता येतो, नेमाचं चिन्ह बंद करता येतं, डॅमेजचे आणि एक्सपीचे (मिळालेल्या अनुभवाच्या गुणांचे) मेसेज बंद करता येतात, आपल्या सैनिकांच्या डोक्यावरच्या झेंड्यांचा ठळकपणा शून्यावर आणता येतो. सगळं एका दमात बंद करू नका. आधी डॅमेजचे आकडे आणि डोक्यावरचे झेंडे घालवा आणि दोन लढाया खेळा. सैन्य कुठे उभं आहे हे नजरेने ओळखायची सवय लागली की मग बाण काढा.

बॅटल साईज जास्तीत जास्त १००० पर्यंत जाते. मोठा आकडा म्हणजे मोठा अनुभव असं नसतं, साध्या लॅपटॉपवर हजार माणसं उभी केली की लढाई अडखळते, आणि अडखळणाऱ्या लढाईत कोणाचंच मन रमत नाही. ३००-४०० वर सुरळीत चालत असेल तर तिथेच थांबा.

तपासा: यादीतला पहिला भाग इथे बहुतेक संपला असेल. जे मिटलं त्यावर काट मारा.

४. नवीन कॅम्पेन: जे नंतर बदलत नाही ते आधी ठरवा

कॅम्पेन की सँडबॉक्स? कॅम्पेनमध्ये कुटुंबाची गोष्ट आणि मुख्य मोहीम मागे लागते. स्वतःची गोष्ट स्वतः घडवायची असेल तर सँडबॉक्स घ्या, मुख्य मोहिमेतले ते शोध आणि झेंड्याचे तुकडे गोळा करणं काही नसतं आणि सुरुवातीचं वयही निवडता येतं.

वयाचं गणित मात्र नीट करा, इथे खूप जण निराश होतात. गेममधलं वर्ष ८४ दिवसांचं आहे, २१-२१ दिवसांचे चार ऋतू. मूल १८ वर्षांचं झाल्यावर हाताशी येतं, म्हणजे जन्मल्यापासून १५१२ दिवस. बहुतेकांची कॅम्पेन तिथवर पोचतच नाही. घराणं उभं करून पोराच्या हाती राज्य द्यायचं असं मनात असेल तर वय २० ठेवा आणि लग्न लवकर उरका. एकट्या भाडोत्री लढवय्याची गोष्ट खेळायची असेल तर ३० किंवा ४० छान, कौशल्यंही जास्त मिळतात.

संस्कृती निवडताना नुसता पोशाख बघू नका, खेळायची पद्धत बघा. किनाऱ्यावरचा व्यापारी व्हायचंय? असेराई घ्या, मूळ गेममध्ये त्यांना तांडे ३० टक्के स्वस्त पडतात आणि खरेदी-विक्रीत होणारं नुकसानही कमी असतं. सह्याद्रीसारख्या रानात दबा धरून मारायचं, गनिमी काव्याने खेळायचं? बॅटॅनिया. जंगलात त्यांचा वेग इतरांपेक्षा कमी घटतो, आणि त्यांचे फियान तिरंदाज गेममधले सगळ्यात भारी. चेहऱ्याचा रंग सावळा हवा म्हणून अमुकच संस्कृती घ्यावी लागते हा गैरसमज आहे, रंगाचा स्लायडर वेगळा असतो.

जहाजं हवी असतील तर वॉर सेल्स हे २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये आलेलं एक्सपान्शन विकत घ्यावं लागतं. त्याशिवाय कॅलरेडियाचा, म्हणजे गेममधल्या जगाचा, समुद्र नुसता बघायचा. आणि ते नव्या वर्जनवरच चालतं, म्हणजे फक्त जुन्या वर्जनसाठी बनलेले मॉड आणि जहाजं दोन्ही एकत्र मिळणार नाहीत. दोघांपैकी काय हवं ते आत्ता ठरवा, चाळीस तासांनी नको.

सावधान: आयर्नमॅन मोड चालू केला तर हवं तेव्हा वेगळं सेव्ह करता येत नाही. ज्यांच्याकडे लाईटचा भरवसा नाही त्यांनी तो घेऊच नये, आणि मॉड वापरणाऱ्यांनी तर अजिबातच नाही. जन्म-मृत्यूचा पर्यायही (पात्रं जन्मतात-मरतात की नाही तो) सुरुवातीलाच बघून घ्या.

नाव रोमन अक्षरांत टाका. गेमला मराठी भाषेचा सपोर्ट नाही. आणि घराण्याचं नाव घाईत "टेस्ट वन" असं ठेवू नका, पुढे प्रत्येक यादीत तेच दिसत राहतं.

५. चेहरा

कसाही झाला तरी चालेल असं म्हणून लोक पुढे जातात, पण पोरांचे चेहरे आईबापांवरून तयार होतात आणि पुढे त्यातलंच एखादं पोर तुमचं मुख्य पात्र होणार असतं. म्हणून वेळ द्या. समोरून नीट दिसणारा चेहरा बाजूने फार वेगळा दिसतो, पात्र फिरवून बघा. नाक आणि जबडा टोकाच्या आकड्यांवर नेऊ नका, बोलताना विचित्र हलतात.

झाल्यावर त्याच स्क्रीनवर कंट्रोल आणि सी दाबा, चेहऱ्याचा कोड कॉपी होतो, तो नोटपॅडमध्ये पेस्ट करून ठेवा. उद्या कॅम्पेन गेली तरी चेहरा जात नाही, नवीन पात्रात कंट्रोल आणि व्ही. आणि एक गोष्ट पुष्कळांना माहीतच नसते: खेळ सुरू झाल्यावरसुद्धा पात्राच्या स्क्रीनवर जाऊन व्ही दाबलं की चेहरा परत बदलता येतो. दाढीसाठी नवीन कॅम्पेन सुरू करायची काहीएक गरज नाही.

६. झेंडा, आणि तो का बदलतो

गेममधल्या एडिटरमध्ये एक चिन्ह आणि रंग एवढंच मिळतं. दोन चिन्हं, पट्टे, वेगळी मांडणी हवी असेल तर ऑनलाइन बॅनर एडिटर आहेत, तिथे झेंडा बनवायचा, कोड कॉपी करायचा आणि गेमच्या झेंडा स्क्रीनवर कंट्रोल आणि व्ही.

आता तो लाल झेंड्याचा प्रश्न. हा बग नाही. तुमचं घराणं कुठल्याही राज्यात सामील झालं की तुमचे रंग जाऊन राज्याचे रंग लागतात, चिन्ह तुमचं राहतं. व्लांडिया या लाल रंगाच्या राज्यात गेलात तर लाल होणारच. यावर तीन रस्ते. एक, कोणाच्या पदरी जायचंच नाही, स्वतःचं राज्य काढायचं, तिथे रंग तुमचे. दोन, तात्पुरतं म्हणून हे सहन करायचं. तीन, बॅनर कलर पर्सिस्टन्स नावाचा मॉड आहे तो टाकायचा, पण तो पुढच्या टप्प्यानंतर, आणि तुमच्या वर्जनला चालतो का ते बघून.

माझं मत विचाराल तर चाकरीत असताना राजाचे रंग आणि बंड केल्यावर आपला भगवा, यात जास्त जान आहे, आणि त्यासाठी मॉडही लागत नाही. पण ज्याला पहिल्या दिवसापासून आपलेच रंग हवेत त्याचीही हौस खरी आहे, त्याने तिसरा रस्ता घ्यावा.

७. पायाचे चार मॉड आणि त्यांचा क्रम

जवळजवळ सगळे मोठे मॉड ज्यांच्यावर उभे असतात ते हे चार: हार्मनी, बटरलिब, यूआय एक्स्टेंडर ईएक्स आणि मॉड कॉन्फिगरेशन मेनू, म्हणजे एमसीएम. लाँचरच्या, म्हणजे गेमआधी उघडणाऱ्या खिडकीच्या, मॉड यादीत ते याच क्रमाने सगळ्यात वर, मूळ नेटिव्हच्याही वर. मग नेटिव्ह, सँडबॉक्स कोअर, सँडबॉक्स आणि बाकीची मूळ मंडळी. मग तुमचे मॉड. मखर उभं करायच्या आधी कोणी लाईटच्या माळा लावत नाही, तसंच हे.

हाताने टाकायचं असेल तर असं करा. झिप आधी वेगळ्या फोल्डरमध्ये उघडा. आत मॉडच्या नावाचा फोल्डर असतो आणि त्याच्या आत सबमॉड्यूल नावाची एक्सएमएल फाईल. ती फाईल ज्या फोल्डरमध्ये थेट दिसते तोच फोल्डर उचलून गेमच्या मॉड्यूल्समध्ये ठेवायचा. फोल्डरच्या आत परत तोच फोल्डर असं झालं की लाँचरमध्ये मॉड दिसतच नाही, आणि "मॉड येत नाय" म्हणणाऱ्यांचं बहुतेक वेळा हेच झालेलं असतं.

दुसरी नेहमीची अडचण: नेटवरून आलेल्या डीएलएल फाईली (ज्यात मॉडचा कोड असतो) विंडोज अडवून ठेवतं. झिप उघडायच्या आधीच तिच्यावर राईट क्लिक, प्रॉपर्टीज, खाली अनब्लॉकचा चौकोन दिसला तर टिक करा, मग उघडा. नंतर एकेक डीएलएल शोधत बसायला लागत नाही.

सावधान: स्टीम वर्कशॉप (स्टीममधलं मॉडचं दालन) आणि नेक्सस (मॉडची वेबसाईट) दोन्हीकडून एकच मॉड घेऊ नका, दोन प्रती होतात आणि कुठली चालतेय कळत नाही. वर्कशॉपचे मॉड आपोआप अपडेट होतात, लांबची कॅम्पेन खेळणाऱ्याला ते धोक्याचं आहे. नेक्ससवरून हाताने टाकलेला मॉड तुम्ही बदलेपर्यंत बदलत नाही, म्हणून मी तेच सुचवेन.

तपासा: फक्त हे चार टाकून गेम चालू करा, मेनूत मॉड ऑप्शन्स दिसतंय का बघा, एक छोटी लढाई करा, सेव्ह करा, बाहेर पडा, परत लोड करा. सगळं झालं तरच पुढे.

८. आता यादीप्रमाणे, एका वेळी एक

लढाईचा फील खुपत असेल तर रिॲलिस्टिक बॅटल मॉड, आरबीएम. चिलखताला खरी किंमत येते, सैन्याची वागणूकही बदलते. पण तो लढाईचं सगळं गणितच बदलतो, त्यामुळे त्याच्यासोबत लढाईला हात लावणारा दुसरा मॉड ठेवायचा नाही, आणि चिलखतांचा वेगळा पॅक घेणार असाल तर तो आरबीएमला धरून आहे का किंवा वेगळा पॅच लागतो का हे मॉडच्या पानावर वाचायचं. न वाचता टाकलं की साधा सदरा पोलादापेक्षा भारी ठरतो आणि मग म्हणायचं आरबीएम बेकार आहे.

राज्यांची रोजची युद्धं आणि तह खुपत असतील तर डिप्लोमसी. त्यात राज्यं लढून थकतात, म्हणजे युद्ध का थांबलं याला कारण मिळतं. कपड्यांसाठी ओपन सोर्स आर्मरी बघा, त्यातली चिलखतं मूळ गेमच्या कपड्यांत मिसळून जातात. उगाच चमचमणारी जादूची चिलखतं टाकलीत तर वातावरणाचा विचका तुम्हीच केलात.

एक मॉड टाकला की तीच तपासणी: सुरू करा, लढाई, गावात चक्कर, सेव्ह, बाहेर, लोड. मग वहीत मॉडचं नाव आणि वर्जन लिहा. कंटाळवाणं आहे, मान्य, पण पंधरा मॉड एकदम टाकून क्रॅश झाला तर कोणामुळे झाला हे शोधायला त्याच्या कितीतरी पट वेळ जातो.

सावधान: नवीन वस्तू किंवा नवीन सैनिक आणणारे मॉड कॅम्पेनच्या मध्येच काढायचे नाहीत. ते चिलखत एखाद्या सरदाराच्या अंगावर असतं, मॉड गेला की सेव्ह त्याला शोधतं आणि सापडलं नाही की उघडत नाही. असे मॉड नवीन कॅम्पेनच्या आधी टाका आणि शेवटपर्यंत ठेवा.

९. सेव्हची शिस्त

एकाच सेव्हवर पुन्हा पुन्हा सेव्ह करू नका. तीन नावं ठेवा आणि आलटून पालटून वापरा. ऑटोसेव्ह चालू असू द्या पण त्याच्यावर विसंबू नका. आभाळ भरून आलं की आधी सेव्ह आणि मग वेढा. आठवड्यातून एकदा डॉक्युमेंट्समधल्या गेमच्या फोल्डरमधला गेम सेव्ह्जचा फोल्डर आणि मॉड्यूल्समधले आपण टाकलेले मॉड, दोन्ही एकत्र झिप करून पेनड्राईव्हवर. नुसतं सेव्ह ठेवून उपयोग नाही, ज्या मॉडवर ते चाललं होतं तेच मॉड लागतात.

१०. क्रॅश झाला तर

शेवटी काय बदललं ते वहीत बघा आणि तेवढंच मागे घ्या. समजत नसेल तर पायाचे चार सोडून निम्मे मॉड बंद करा आणि नवीन सँडबॉक्समध्ये तपासा, तुमच्या मुख्य सेव्हवर नाही. चाललं तर दोषी बंद केलेल्या निम्म्यात, नाही चाललं तर उरलेल्यात. परत निम्मे. अंदाजाने क्रम हलवत बसण्यापेक्षा हे लवकर होतं. व्हेरिफाय फाईल्स हा शेवटचा उपाय ठेवा, तो हॉटस्पॉटचा डेटा खातो.

११. ज्याला मॉड नाही तिथे स्वतःचे नियम

शहरात मेनूतूनच सगळं उरकता येतं म्हणून शहर निर्जीव वाटतं. नियम करा की नवीन शहरात पहिल्यांदा आलो तर चालत फिरायचं, गुत्त्यात जायचं, साथीदार तिथेच शोधायचा. प्रत्येक वेळी चालाल तर कंटाळाल, पहिल्या भेटीपुरतं पुरे.

लोहारकाम हा दुसरा सापळा. थोडी कला आली की एकेक तलवार हजारोंना विकली जाते आणि मग पैशाला अर्थच उरत नाही, गावं, तांडे, पगार, सगळी चिंता संपते आणि तिच्याबरोबर गंमतही. माझा आग्रह आहे की घडवलेली हत्यारं विकू नका, फक्त स्वतःला आणि साथीदारांना द्या, आणि प्रत्येकाला नाव द्या. लढाईत मेलेल्या साथीदाराची तलवार धाकट्या भावाच्या कमरेला बांधलीत तर ती गोष्ट तुम्हाला कुठला मॉड देणार नाही.

सरदारांची तीच ती वाक्यं मात्र राहणारच. त्यासाठी मॉडमागून मॉड टाकू नका.

१२. गेमचं नवीन अपडेट आलं की

काहीच करू नका. प्रॉपर्टीजमध्ये बेटाज नावाचा भाग आहे, तिथे जुने वर्जन नंबर दिसतात, तुमची कॅम्पेन ज्यावर चालू आहे तो निवडून ठेवा म्हणजे स्टीम पुढे सरकवणार नाही. हे खरं तर कॅम्पेन सुरू केली त्याच दिवशी करायचं. चालू कॅम्पेन त्याच वर्जनवर पूर्ण करा. नवीन वर्जनवर जायचंच असेल तर आधी पायाचे चारही मॉड त्या वर्जनसाठी आलेत का बघा, मग तुमच्या वहीतला एकेक मॉड तपासा, आणि एखादा जरी राहिला असेल तर थांबा, मॉड बनवणारे लोक नोकरी-धंदा सांभाळून फुकटात हे करतात, त्यांच्या पानावर जाऊन तगादा लावू नका.